आमच्या बोडीची पोलीस चौकशी

गोंदिया, बोडी मोहल्ला
ता. २४ जून १९३६

तीर्थस्वरूप मामांच्या सेवेशी,

आपली भाची शामकला हिचा साष्टांग नमस्कार पोहोचावा. इकडील सर्व मंडळी सुखरूप आहेत असे लिहिण्याची रीत आहे, आणि या खेपेस ते बव्हंशी खरेही आहे. आईचे गुडघे दुखतात, परंतु तिच्या मते गुडघ्यांचे ते कामच आहे. बाबांची प्रकृती इतकी उत्तम आहे की गेल्या महिन्यात खुद्द पोलिसांनी सरकारी दवाखान्याच्या कंपाउंडरास सोबत आणून ते जिवंत असल्याची खात्री करून घेतली. (याचा खुलासा पुढे येईल. आपण घाबरून तार करू नये.) आपला खोकला आता कसा आहे? मामींनी आवळ्याचा मुरंबा देण्यास आरंभ केला किंवा नाही? दिवाळीत आपण येथे विसरून गेलेली छत्री आईने खुंटीला टांगून ठेवली आहे. मी पार्सलाने पाठवावी म्हटले, तर ती म्हणाली, "राहू दे वो. मुद्दाम इसरला असन. पुन्हा याले काही कारण तं पायजे त्याले." तेव्हा छत्री येथेच आहे, आणि कारणही.

मागील पत्रात आपण विचारले होते की शामकला मराठी सातवीत केंद्रात पहिली येऊन दोन वर्षे झाली, तिला नागपूरला आमच्याकडे इंग्रजी शिकण्यास कधी पाठविता, याचे उत्तर शालीकरावांनी अद्याप का दिले नाही. बाबांनी उत्तर दिले होते, परंतु ते मला दिले होते, व ते आपणास कळविण्याचे धैर्य मला आजवर झाले नाही. ते असे: "बोडीचा निकाल लागू दे, मंग जाय नागपूरले. तू गेलीस तं अर्ज कोन लिहीन?" मामा, माणसाचे शिक्षण पावसावाचून, पैशावाचून किंवा लग्नापायी अडल्याचे मी वाचले आहे, परंतु एका लहानशा तलावापायी अडलेली विद्यार्थिनी बहुधा मी एकटीच असेन.

बोडी म्हणजे काय हे आपणास सांगणे म्हणजे इंद्राला अमरावतीचा पत्ता सांगणे होय. तरीही नागपुरात नळाचे पाणी पिऊन बारा वर्षे झाल्यामुळे आपणास विस्मरण झाले असल्यास लिहिते की मोठ्या तलावाची जी धाकटी बहीण असते, जिच्या पाळीवर दोन आंब्यांची झाडे व चार म्हशी मावतात, आणि जी चार बांध्यांचे (म्हणजे धानाच्या खाचरांचे) धान पिकवून उन्हाळ्यात गुडघाभर उरते, तिला आपल्याकडे बोडी म्हणतात. आमची बोडी माझ्या पणजोबांनी रेल्वे येण्याच्या आधी खोदविली. आपल्या जातीत मुलगा जन्मला की बारसे, आणि मुलगा कर्ता झाला की तलाव, अशी चालच होती. मग रेल्वे आली, स्टेशन आले, धानाच्या गिरण्या आल्या, विड्यांचे कारखाने आले, आणि त्या सर्वांच्या मागून माणसे आली. माणसांना घरे हवी होती आणि बाबांकडे जमीन होती. बोडीखालची एकेक बांधी धानाऐवजी घरे पिकवू लागली, आणि वीस वर्षांत आमच्या शेताचा मोहल्ला झाला.

परंतु ही गोष्ट बाबांना अजून कोणी अधिकृतपणे कळविलेली नाही, असे मला अनेकदा वाटते. ते रोज सकाळी काठी घेऊन जसे पूर्वी शेत पाहण्यास निघत, तसेच आजही निघतात. आपल्या स्वतःच्या मोहल्ल्यातील एकाही गल्लीचे नाव त्यांना ठाऊक नाही. त्यांना बांध्या ठाऊक आहेत. मिठाईवाले मुन्नालाल हे त्यांच्या हिशेबी 'लुचईच्या बांधीत' राहतात (तेथे पूर्वी लुचई जातीचे तांदूळ होत असत), कवडू टांगेवाल्याचा तबेला 'वरच्या धुऱ्यावर' (म्हणजे बांधावर) आहे, आणि पुष्पाबाई, ज्या मोहल्ल्यातील सर्व बाळंतपणे करतात, त्या 'पऱ्ह्यांच्या वाफ्यात' राहतात (तेथे पूर्वी धानाची कोवळी रोपे वाढवीत असत). हे शेवटचे मात्र मला फार योग्य वाटते. पोस्टमन नवा असला की पत्त्यासाठी बाबांकडे येतो आणि गोंधळून परत जातो. आषाढात पाऊस धरून लागला की बाबा ओसरीवर उभे राहून मुन्नालालच्या दुकानाकडे मोठ्या कळकळीने पाहतात आणि म्हणतात, "आज रोवणी होऊन गेली असती तिथं." मुन्नालालना प्रथम वाटले की मालक आपल्याला हाकलणार, आता ते आतून एक जिलबी पाठवितात. मोहल्ल्यात कोणाच्याही मुलीचे लग्न असो, पहिली अक्षत बाबांची असते, आणि मांडवात बसून ते वराकडील मंडळींना सांगतात की तुम्ही ज्या जागी जेवता आहात तेथे एकरी किती खंडी धान होत असे. वराकडील मंडळी हे ऐकून अधिक जेवतात असे माझे निरीक्षण आहे.

मी हे सर्व माजघराच्या झरोक्यातून पाहते. (मी बाहेर फारशी जात नाही, हे आपण जाणताच. चार माणसांसमोर मला स्वतःचे नाव सांगावयाचे झाले तरी प्रथम ते आठवावे लागते.) पण झरोक्यातून पुष्कळ दिसते. त्यातूनच मला पहिल्याने दिसले की बोडी लहान होत आहे.

त्याची पद्धत फार सुरेख होती. प्रत्येक घराची मागील बाजू बोडीकडे आहे. मुन्नालाल सकाळी भट्टीची राख मागच्या दाराने टाकीत. कवडू तबेल्यातील लीद टाकी. पुष्पाबाई शेणाचे पो व फुटकी मडकी टाकीत. कोणीही पाण्यात काही टाकत नसे. सर्वजण काठावर टाकीत. परंतु पावसाळ्यात काठ पाण्यात जाई, आणि उन्हाळ्यात पाहावे तो काठ दोन हात पुढे आलेला असे. मग त्या दोन हातांवर कुंपण येई, पुढल्या वर्षी कुंपणाच्या आत दोडक्याचा वेल, आणि तिसऱ्या वर्षी त्या वेलावर वडिलोपार्जित हक्क. अशा रीतीने बाबांची बोडी कोणीही चोरली नाही, तरी ती अर्ध्याहून कमी उरली. बाबांनी भांडून पाहिले. "काऊन रे कवडू, बोडी गाडून राहिला तू माही?" असे त्यांनी विचारले की कवडू अत्यंत नम्रपणे उत्तर देई, "मी कायले गाडीन मालक? लीद आपल्या मनानं सरकते."

तेव्हा बाबांनी अर्जाचा मार्ग धरला. दोन वर्षांत सतरा अर्ज गेले. सर्व मी लिहिले, सर्व शुद्ध मराठीत, आणि त्यांतील नवव्या अर्जात तर मी जलाशयाला मातेची उपमा देऊन तिच्या व्यथेचे जे वर्णन केले होते ते वाचून आईने डोळे पुसले. परंतु अर्ज आईकडे पाठवायचा नव्हता. उत्तर एकाचेही आले नाही. शेवटी मुन्नालालनी (त्यांचीही राख त्या अर्जांत नमूद आहे हे त्यांना ठाऊक नव्हते) बाबांना सल्ला दिला की "मालिक, मराठी अर्जी बाबू पढ़ता है, अंग्रेज़ी अर्जी साहब पढ़ता है." हे बाबांना एकदम पटले. आणि मग एप्रिलच्या अखेरीस एका व्यक्तीने बाबांसाठी इंग्रजीत अर्ज लिहून दिला. (त्या व्यक्तीविषयी आपण मत बनविण्याची घाई करू नये. अक्षर वळणदार होते.) तो जिल्ह्याच्या साहेबांच्या नावे टपालात पडला, आणि तीन आठवड्यांनी, भर मे महिन्यात, सकाळी आठ वाजता ठाणेदारसाहेब, दोन शिपाई, एक कंपाउंडर व एक बांबूची शिडी आमच्या दारी आली.

बाबांना इतका आनंद झालेला मी पूर्वी पाहिला नव्हता. सतरा अर्जांनी जे झाले नाही ते अठराव्याने झाले! त्यांनी डोक्याला फेटा बांधला, आईला चहा टाकण्यास सांगितले आणि ओसरीवर येऊन उभे राहिले. त्यानंतरचे संभाषण मी झरोक्यामागून शब्दशः ऐकले आहे. ठाणेदारसाहेब अलाहाबादेकडील आहेत, म्हणून ते हिंदीत बोलतात, आणि बाबा जगात कोठेही गेले तरी आपल्याच बोलीत बोलतील.

"शालीकराम वल्द बकाराम कौन?"

"मीच."

ठाणेदारसाहेबांनी कंपाउंडराकडे पाहिले. कंपाउंडराने बाबांची नाडी धरली आणि मान हलविली. "ज़िंदा है, हुज़ूर."

"तो बाडी किसकी है?"

(साहेबांच्या तोंडी तो शब्द असाच येत असे. बाबांना वाटले, परदेशी माणूस आहे, बोडीला असेच म्हणत असेल.) "माहीच हाये."

"आपकी? आप तो सामने खड़े हैं!"

"मी उभा हावो, साहेब. ते मरून राहिली."

"कहाँ है?"

बाबांनी त्यांना हाताला धरून मागच्या दारी नेले आणि काठीने दाखविले. समोर राखेचे, लिदीचे व शेणाचे काठ होते आणि मध्ये थोडे हिरवे पाणी. "हे काय."

"हमको तो कुछ दिखता नहीं."

"कशी दिसन? अर्धी गाडून टाकली ना लोकाईनं!"

मामा, याच क्षणी, झरोक्यामागे, मला सर्व प्रकार समजला. ठाणेदारसाहेबांच्या हातात तो अर्ज होता आणि ते त्यातील वाक्ये हिंदीत वाचून शिपायांना समजावीत होते. आपण इंग्रजीचे मास्तर आहात, तेव्हा आपणास अधिक सांगावे लागणार नाही. अर्जात बोडी हा शब्द इंग्रजी अक्षरांत जसा उच्चारावा तसा लिहिलेला होता, आणि तो तसा लिहिला असता इंग्रजीत देह असा त्याचा अर्थ होतो, व पोलिसांच्या भाषेत प्रेत. त्यामुळे साहेबांपुढे गेलेला मजकूर साधारण पुढीलप्रमाणे होता: माझा देह फार जुना असून तो माझ्या आजोबांनी खोदविला. शेजारी त्याच्यावर राख, लीद व शेण टाकून त्यास हळूहळू पुरत आहेत. पूर्वी माझ्या देहात शिंगाडे पिकत व मोहल्ल्यातील स्त्रिया त्यात धुणे धूत. आता फक्त म्हशी बसतात. त्वरित चौकशी न झाल्यास पुढील उन्हाळ्यापर्यंत माझा देह नाहीसा होईल. यावर साहेबांचा शेरा असा होता की अर्जदार जिवंत आहे किंवा कसे ते प्रथम पाहावे, आणि मग देह शोधावा.

मी त्या वेळी बाहेर जाऊन एक वाक्य बोलले असते तर सर्व मिटले असते. मी खरोखर उंबऱ्यापर्यंत गेले. तेथे एका शिपायाने मला पाहिले आणि मी परत आले.

दरम्यान ठाणेदारसाहेबांनी आपल्या मनाशी असा निष्कर्ष काढला की 'माझी' याचा अर्थ 'माझ्या जमिनीतील', आणि पुरलेला मनुष्य दुसराच कोणी आहे. त्यांनी बाबांना विचारले की पुरले कोणी. बाबांनी काठी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सर्व मागच्या दारांवरून फिरविली आणि म्हणाले, "सब्बाईनं मिळून." शिपायांनी लगेच सर्वांना बाहेर बोलाविले. मुन्नालाल हातात झारा तसाच धरून आले आणि ठाणेदारसाहेब काही विचारण्यापूर्वीच रडू लागले.

"हुज़ूर, मैंने तो सिर्फ़ राख डाली है!"

"राख?" ठाणेदारसाहेबांचा आवाज एकदम खाली आला. "मतलब जलाया भी?"

"रोज जलाते हैं हुज़ूर, सुबह चार बजे से. धंधा ही ऐसा है!"

शिपायांपैकी एक मुन्नालालच्या मागे जाऊन उभा राहिला. पुष्पाबाईंनी कमरेवर हात ठेवून सांगितले की मी फक्त शेण टाकले, आणि तेही वरून, झाकायला. कवडू म्हणाला, "मी काहीच नाई टाकलं. लीद आपल्या मनानं सरकते." हे वाक्य ठाणेदारसाहेबांनी वहीत दोनदा लिहून घेतले.

हुकूम झाला की ज्याने जे टाकले असेल ते त्यानेच, पोलिसांच्या देखत, आपल्या घरासमोरून काढावे, आणि तळाची काळी माती लागेपर्यंत थांबू नये. मे महिन्याच्या उन्हात तीन दिवस सारा मोहल्ला खणत होता. बाबा आंब्याखाली खाटेवर बसून देखरेख करीत. त्यांच्या समजुतीने सरकारने अर्ज मंजूर केला होता, आणि सरकारची काम करण्याची पद्धत त्यांना अत्यंत आवडली. ते मधून मधून ठाणेदारसाहेबांना सुचवीत की डावीकडे अजून हातभर जाऊ द्या, तिकडे पूर्वी अधिक खोल होते. आणि ठाणेदारसाहेब, हा म्हातारा सर्व जाणतो पण थेट सांगत नाही, असे समजून डावीकडे हातभर जाऊ देत.

गाळातून निघालेल्या वस्तूंची यादी शिपायांनी केली आहे. कवडूच्या टांग्याचे एक चाक निघाले, जे चोरल्याचा आरोप त्याने दोन वर्षांपूर्वी मुन्नालालवर केला होता. त्यावरून दोघे खड्ड्यातच भांडले आणि खड्ड्यातच समेट झाला. पितळी गडवे तीन निघाले. आणि, मामा, आपण बाबांना भेट दिलेले गजराचे घड्याळ निघाले, जे चोरीस गेल्याचे आम्ही आपणास कळविले होते. बाबांनी ते पाहून डोळे मिटले आणि म्हणाले की त्या वेळी बोडी तिथे सर्वांत खोल होती. (ते पहाटे तीनला वाजत असे, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.)

आता मी जे लिहिते ते आपण आईस कळवू नये. पहिल्या दिवशी मी भीतीने गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी मात्र मी उंबऱ्यापर्यंत पुन्हा गेले, शिपाई पाण्याला गेला होता, वाट मोकळी होती, आणि तरीही मी परत फिरले. कारण त्या दिवशी मला बाबांची लहानपणची एक गोष्ट आठवली. बोडी खोदून झाल्यावर तिचे लग्न लावल्याशिवाय घरच्यांनी तिचे पाणी पिऊ नये असे खोदणाऱ्या मजुरांनी पणजोबांना सांगितले होते. ते मजूर छत्तीसगडाकडचे, त्यांच्यात ती चाल. म्हणून बिजाच्या लाकडाचा पुरुषभर उंच खांब हळद लावून, बाशिंग बांधून, वाजतगाजत आणला आणि बोडीच्या मध्यभागी रोवला. तो बोडीचा नवरा. बाबा तेव्हा सहा वर्षांचे होते आणि वरातीत होते. मी जन्मले तेव्हापासून तो कोणालाही दिसलेला नाही. मामा, मी आजवर जे काही जाणले ते पुस्तकातून जाणले. ही एक गोष्ट कोणत्याच पुस्तकात नव्हती आणि ती माझ्या झरोक्यापासून साठ पावलांवर गाळात उभी होती. ती पाहावी असे मला इतके वाटले की सारा मोहल्ला उन्हात खणत असताना मी तोंड उघडले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी कवडूची कुदळ कशावर तरी ठक्कन वाजली. ठाणेदारसाहेबांनी हात वर केला. सर्व थांबले. कंपाउंडर शिडीवरून उतरला, गाळ चाचपला, आणि म्हणाला की काहीतरी लांब आहे आणि उभे आहे. उभे पुरले आहे हे ऐकून मुन्नालाल पुन्हा 'सिर्फ़ राख' म्हणत रडू लागले. हातांनी गाळ काढला तेव्हा काळ्या शिसवीसारखा झालेला एक खांब वर आला. त्यावर कोरलेले सूर्य-चंद्र अजून बोटांना लागत होते. (हे मला कसे कळले ते पुढे येईल.)

"ये क्या है?"

बाबा खाटेवरून उठले. जोडे पाळीवर काढून, फेटा सावरून, ते शिडीवरून खाली गेले. "हा बोडीचा नवरा, साहेब."

"बाडी का... मर्द?"

"हो. लग्नात होतो ना मी. बुंदीचे लाडू होते."

ठाणेदारसाहेबांनी टोपी काढली आणि पाळीवर बसले.  मग अत्यंत थकलेल्या स्वरात म्हणाले, "तो आपकी बाडी औरत है?"

तेव्हा उदाराम नावाचा जो शिपाई होता (आमगावचा, त्याची भावजय याच मोहल्ल्यात राहते) त्याचा तीन दिवसांचा बांध फुटला. तो हसता हसता चिखलात बसला आणि तेथूनच सलाम करून म्हणाला, "हुज़ूर, हमारे इधर छोटे तलाव को बोडी बोलते हैं."

"पहले क्यों नहीं बोला?"

"हुज़ूर ने पूछा नहीं." मग चिखलातून उठता उठता तो म्हणाला, "और भाभी को पानी दूर से लाना पड़ता है, हुज़ूर."

ठाणेदारसाहेब संतापले. कोणावर संतापावे हे त्यांना प्रथम ठरविता आले नाही, म्हणून ते बोडीवर संतापले. मग त्यांनी खिशातून अर्ज काढला आणि विचारले की हे इंग्रजी कोणी लिहिले, साहेबांना अहवाल द्यावयाचा आहे. बाबांनी क्षणाचाही विलंब न लावता एक नाव सांगितले व ते वहीत लिहिले गेले. (त्या नावाविषयी शेवटी लिहीन.) पोलीस शिडी घेऊन गेले. खड्डा मात्र नेणे त्यांना शक्य नव्हते.

मंडळी पांगल्यावर मी मागच्या दाराने बाहेर गेले. मोहल्ल्यातील सर्व माणसे गाळाने माखलेली असल्यामुळे कोण कोणाकडे पाहत आहे ते कळत नव्हते, आणि त्यामुळे मला मुळीच लाज वाटली नाही. मी खाली उतरले. बाबा खांबापाशीच होते. त्यांनी माझा हात धरून त्या कोरीव सूर्यावर ठेवला आणि म्हणाले, "हा माह्या आज्यानं कोरला. घाई होती, म्हणून वाकडा झाला." मी चाचपून पाहिले. वाकडाच होता.

गेल्या आठवड्यातील दोन सरींनी बोडीत पाणी आले आहे आणि नवरा गुडघ्यापर्यंत भिजला आहे. मुन्नालाल आता राख टोपलीने दूर नेतात, कारण स्वतः तीन दिवस खणलेल्या जागी पुन्हा टाकण्यास जीव होत नाही, असे ते म्हणतात. कवडूच्या लिदीने सरकणे सोडले आहे. अर्थात बोडीचा निकाल लागला.

मामींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. माझ्या अक्षरास हसू नये. या घरात सध्या अक्षराचा फार धाक आहे.

आपली आज्ञांकित भाची,
शामकला

ता. क. ती व्यक्ती मी होते. आपण दिलेले इंग्रजीचे पहिले पुस्तक आणि अर्जांच्या नमुन्यांचे पुस्तक यांच्या आधारे मी तो अर्ज बारा दिवसांत रचला. बोडी हा शब्द मी कोशात शोधला. पुण्यास छापलेल्या कोशात 'बोडका' आहे, बोडी नाही. तेव्हा मी तर्क केला: बी आणि ओ मिळून बो; पुढे डी; आणि शेवटी वाय, कारण नागपूर सिटीच्या पाटीवर 'टी'च्या पुढे वायच आहे. हा तर्क कोठे चुकला ते मला अजूनही दिसत नाही.

आणखी एक. बाबांनी सांगितलेले नाव आपले आहे. "आमचे साळे नंदलाल मास्तर. नागपूरले इंग्रजी शिकवतेत," असे ते म्हणाले, आणि त्यात त्यांना केवळ अभिमान होता. लवकरच आपणाकडे ठाण्यातून पत्र येईल. तो अर्ज आपणच लिहिला असे कृपया कबूल करावे. त्यात व्याकरणाच्याही काही चुका आहेत असे ठाणेदारसाहेब म्हणाले; त्याही आपल्या समजाव्यात.

हे पत्र ज्यासाठी लिहिले ते राहूनच गेले. बोडीचा निकाल लागल्यावर मी बाबांना नागपूरची आठवण केली. ते म्हणाले, "आता कायले जातेस? सतरा मराठी अर्जाईनं जे नाई झालं, ते तुह्या एका इंग्रजीनं झालं. पोलीस आले, बोडी खोदून देल्ली. अजून काय शिकाचं राहिलं तुले?" मामा, याचे उत्तर आपल्यासारख्या इंग्रजीच्या मास्तरांनीच द्यावे. म्हणून आपण दोन पत्रे लिहावीत. एक ठाणेदारसाहेबांस, की तो अर्ज माझा असून त्यातील इंग्रजी योग्य आहे. आणि दुसरे बाबांस, की तो अर्ज शामकलेचा असून त्यातील इंग्रजी अत्यंत चुकीचे आहे व ती ताबडतोब नागपूरला न आल्यास अनर्थ होईल. दोन्ही पत्रे एकाच दिवशी लिहिलीत तरी हरकत नाही. फक्त लिफाफे बदलू देऊ नयेत. स्वतः येऊन सांगितलेत तर अधिक उत्तम. छत्री आहेच.

पत्र बंद करताना पुष्पाबाई आल्या. त्यांना सरकारी दवाखान्यात दाईची जागा हवी आहे, आणि अर्ज इंग्रजीतच हवा असा त्यांचा आग्रह आहे, कारण माझ्या इंग्रजीला सरकार पावते. कोश पाहिला, दाई त्यात मिळाली, परंतु तिच्यासाठी दिलेला शब्द फार लांब आहे. त्यापेक्षा मी स्वतः जुळविलेला सुटसुटीत वाटतो: डी, मग आय, शेवटी ई. मुख्य वाक्य असे आहे की समस्त मोहल्ल्याची इच्छा आहे, पुष्पाबाईंना सरकारने विनाविलंब डी-आय-ई करावे. खाली चाळीस जणांचे अंगठे झाले आहेत. या वेळी मात्र एकदा आपणास विचारावे असे मनात आले, म्हणून टपालात टाकलेला नाही. पुष्पाबाई उद्या सकाळपर्यंत थांबण्यास तयार आहेत.